हीप्सच्या आधी कोणती घळ? सोलापूरच्या एका अनुभवी कॅन्यनिअरच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना चालवणारे आणि आमच्या गिर्यारोहण गटात सर्वांचे ‘अण्णा’ असलेले एक ज्येष्ठ सहकारी यांनी गेल्या वर्षी उन्हाळ्यात गटापुढे एक यादी ठेवली. अमेरिकेतील यूटा राज्याच्या वाळवंटी भागात वालुकाश्मात कोरल्या गेलेल्या अतिअरुंद घळी, म्हणजेच स्लॉट कॅन्यन, उतरण्यासाठी त्यांना ऑक्टोबरमध्ये दहा दिवस मिळणार होते. त्या दहा दिवसांत कोणत्या घळी घ्यायच्या, कोणत्या क्रमाने घ्यायच्या आणि कोणत्या यंदा सोडून द्यायच्या, हे ठरवायचे होते. यादीत हीप्स, इम्ले, बेहुनिन, इंगलस्टेड, मिस्ट्री, निऑन, ब्लूजॉन, लेप्रेकॉन आणि सँडथ्रॅक्स अशी नावे होती. हीप्सचे नाव सर्वांत वर होते आणि त्याखाली रेघ ओढलेली होती.

अण्णांना नवखे म्हणणे कोणालाही शक्य नाही. सांदण दरी त्यांनी अनेकदा उतरली आहे, मढे घाटाच्या लक्ष्मी धबधब्यावर आणि विहीगावच्या धबधब्यावर त्यांनी कितीतरी नवशिक्यांना दोरावरून सुखरूप खाली सोडले आहे, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या मोहिमेतही ते होते. त्यांचा मामेभाऊ सॉल्ट लेक सिटीत नोकरीला आहे. त्याच्याकडे पूर्वी गेले असताना झायन राष्ट्रीय उद्यानातील कीहोल, पाइन क्रीक आणि वरच्या बाजूने उतरायची सबवे या तीन घळी त्यांनी केल्या होत्या. यंदा तोच मामेभाऊ आणि अण्णांची भाची अशी तिघांची तुकडी होती. भाची फिजिओथेरपिस्ट आहे, सह्याद्रीत उत्तम चढते, परंतु वाळवंटी घळीचा तिला अनुभव नव्हता. गटाच्या मोहिमांचे नियोजन माझ्याकडे असते, त्यामुळे या निवडीची चर्चाही माझ्याकडे आली.

आरंभीच माझी भूमिका स्पष्ट करतो. अनुभवी माणसाने पुढची घळ निवडताना ‘मागच्यापेक्षा अवघड’ एवढाच निकष लावला, तर तो आपल्या अनुभवाची केवळ बेरीज करतो. तो अनुभव कशाचा होता, याची फोड तो करत नाही. पुढची घळ अशी असावी की तिच्यात एकच अनोळखी अडचण असेल आणि बाकी सारे हाताखालचे असेल. एका दिवसात तीन अनोळखी गोष्टी एकत्र आल्या की कुशल माणसाचीही विचारशक्ती वाटली जाते, आणि घळीच्या आत माघार जवळजवळ नसतेच, कारण मागचा दोर एकदा ओढून घेतला की वरची वाट बंद झालेली असते.

अनुभव होता, पण कशाचा

सह्याद्रीचा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट आहे. झायन आणि एस्कलांटे परिसरातील बहुतेक प्रसिद्ध घळी नवाहो वालुकाश्मात आहेत, आणि हा वालुकाश्म म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन झालेला दगड आहे. त्यातील उभ्या भेगांमधून पुराचे पाणी वाळूसह घुसते, भेग खाली खाली कापत जाते, आणि वर हातभर रुंद व खाली शंभर-दीडशे फूट खोल अशी चीर तयार होते. दगडाच्या या फरकाचे परिणाम अगदी व्यावहारिक आहेत. वालुकाश्म ओला झाला की त्याची ताकद घटते. कोरड्या दिवशी शरीराचे वजन पेलणारी कपार पावसानंतर हातात निघून येऊ शकते. दोर ओढून घेताना मऊ दगडावर खाचा पडतात, मग त्याच खाचांत पुढच्या तुकडीचा दोर अडकतो. त्यामुळे अँकरची, म्हणजे दोर ज्याला बांधतात त्या आधाराची, पट्टी कड्याच्या धारेपलीकडे लांबवून घेणे तिथे शिष्टाचाराचाही भाग आहे आणि सुरक्षिततेचाही. शिवाय दोरात शिरलेली वाळू डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरताना वेग आवरणारे साधन, झिजवते आणि दोराचे आवरणही.

दुसरा फरक अँकरचा आहे. आमच्याकडे जिथे नियमित रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणे, होते तिथे कातळात ठोकलेले बोल्ट असतात किंवा दणकट झाड मिळते, आणि झायनमधील अण्णांच्या तिन्ही घळींतही बोल्ट ठोकलेले होते. यूटातीलच रॉबर्स रूस्ट आणि एस्कलांटे या भागांतील अनेक घळींत मात्र बोल्ट नाहीत आणि ते नसावेत असाच तिथल्या जाणकारांचा आग्रह असतो. तिथे अडकलेल्या धोंड्याला पट्टी गुंडाळून, दगडांचा ढीग रचून त्याच्या तळाशी पट्टी पुरून, किंवा वाळूत ओंडका गाडून अँकर तयार करावा लागतो. असा अँकर ओढ खालच्या दिशेने असेल तोवर उत्तम धरतो आणि ओढ वर किंवा बाजूला गेली की निसटतो, म्हणून पहिल्या माणसाने कडेवरून कसे उतरावे यालाही एक पद्धत आहे.

तिसरा फरक पाण्याचा आहे. सह्याद्रीतील पाणी वाहते. ते माणसाला ढकलते, दमवते, पण पुढे नेते. वाळवंटी घळीत बहुतेक दिवस पाणी वाहतच नाही. ते रांजणखळग्यांत साचून राहते. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्या वाचकाला त्यांचा आकार डोळ्यांसमोर आणता येईल. अशा गुळगुळीत, आतून फुगीर खळग्यात माणूस पडला आणि समोरची कड पाण्याच्या पातळीपेक्षा आठ-दहा फूट उंच असली, तर त्याला बाहेर पडता येत नाही. तिथले लोक अशा खळग्याला ‘कीपर’ म्हणतात. खळगा काठोकाठ भरलेला असेल तर माणूस पोहून कडेवर हात टाकतो, आणि पूर्ण कोरडा असेल तर एकाच्या खांद्यावर दुसरा चढतो. अर्धवट भरलेला खळगा सर्वांत वाईट, कारण पाय टेकत नाहीत आणि हातही पोहोचत नाही. अण्णांनी अशा खळग्यातून बाहेर पडण्याचे काम कधी केलेच नव्हते, आणि चर्चेत हे त्यांनीच प्रथम मांडले.

श्रेणी काय सांगते आणि काय सांगत नाही

अमेरिकेत घळींना दिली जाणारी श्रेणी तीन भागांची असते. पहिला आकडा १ ते ४ असा तांत्रिक अवघडपणा सांगतो. त्यात १ म्हणजे चालण्याची वाट, ३ म्हणजे दोराची गरज आणि ४ म्हणजे अवघड चढाई, कीपर किंवा गुंतागुंतीचे दोरकाम. त्यानंतरचे अक्षर पाण्याविषयी असते. ‘ए’ म्हणजे कोरडी किंवा नाममात्र पाण्याची, ‘बी’ म्हणजे साचलेल्या किंवा संथ पाण्यात चालणे-पोहणे, आणि ‘सी’ म्हणजे जोराचा प्रवाह. शेवटचा भाग लागणाऱ्या वेळेचा असतो आणि काही ठिकाणी त्यापुढे धोका वाढल्याची ‘आर’ किंवा ‘एक्स’ ही खूण जोडलेली असते.

ही पद्धत उपयुक्त आहे, पण ती एका सामान्य दिवसाचे वर्णन करते. खळग्यातील पाण्याची पातळी प्रत्येक पुरानंतर बदलते. तळाशी वाळू भरली की खोली बदलते. एखादा पूर अडकलेला धोंडा वाहून नेतो आणि जिथे सहज उतरता येत होते तिथे दोर लागतो. ‘बी’ या एकाच अक्षरात उन्हात गुडघाभर पाणी आणि सूर्य न पाहिलेल्या खोल अंधाऱ्या डोहातील पोहणे ही दोन्ही सामावतात. अण्णांनी पूर्वी केलेल्या तीन घळी आणि आता समोर असलेली निऑन यांची श्रेणी कागदावर फारशी दूर नव्हती, पण प्रत्यक्षातील अंतर मोठे होते.

क्युसेकचे गणित आणि थंडी

पुराचा धोका समजून घेणे सोलापूरकराला अवघड जाऊ नये. उजनीतून भीमेत पाणी सोडले की पंढरपुरात कडक ऊन असतानाही चंद्रभागेच्या वाळवंटातील दुकाने हलवावी लागतात. पाऊस पुणे जिल्ह्यात कधीचाच पडून गेलेला असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच बुडाले. घळीवर म्हणावा असा पाऊस नव्हता, तो वरच्या पाणलोटात पडला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोलमध्ये सात जणांची संपूर्ण तुकडी पुरात गेली. कीहोल ही लहान, काही तासांत संपणारी घळ आहे आणि अण्णांनी ती केली होती, म्हणून त्या दिवसाची आकडेवारी आम्ही मुद्दाम पाहिली. त्या दिवशी उद्यानातील व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेचा प्रवाह पंधरा मिनिटांत ५५ क्युसेकवरून २,६०० क्युसेकच्या पुढे गेला.

इथे आमच्या भागातील माणसाची एक विशिष्ट फसगत होऊ शकते. भीमेत सोडलेले हजारो क्युसेक दरवर्षी बातम्यांत ऐकणाऱ्याला १५० क्युसेक हा आकडा ओढ्याचा वाटतो. झायनची प्रसिद्ध ‘नॅरोज’, म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायची अरुंद दरी, मात्र नेमक्या १५० क्युसेकला बंद केली जाते, कारण काही ठिकाणी दोन्ही भिंतींत अवघे वीस-तीस फूट अंतर असते आणि बाजूला सरकायला काठच नसतो. मिस्ट्री घळीचा शेवटचा रॅपल थेट याच नॅरोजमध्ये उतरतो, त्यामुळे मिस्ट्रीचा विचार नदीच्या प्रवाहाशी बांधलेला आहे. स्लॉट कॅन्यन तर नॅरोजहून कितीतरी अरुंद असतात. आकडा किती मोठा यापेक्षा तो किती रुंदीत शिरतो, हे पाहायचे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येतील मोसमी पावसाचा हंगाम १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. ऑक्टोबर त्यामुळे पुराच्या दृष्टीने बरा, पण थंडीच्या दृष्टीने कठीण. दिवस सव्वाअकरा तासांवर आलेला असतो, रॉबर्स रूस्टजवळच्या हँक्सव्हिल गावाकडे दुपारी वीस अंशांच्या आसपास तापमान असते आणि घळीतील साचलेले पाणी दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असते. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. सोलापुरात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या झळा सोसणाऱ्या माणसाचा काटकपणा इथे कामाला येत नाही, किंबहुना वाळवंट म्हटल्यावर आपली सारी तयारी उन्हाची होते, पाण्याच्या बाटल्यांची होते, आणि गारठ्याची राहून जाते. भाचीने पहिल्याच बैठकीत विचारले, “मामा, उंची किती ते नंतर सांगा. पाण्यात एका वेळी किती वेळ राहायचे ते आधी सांगा.” माझ्या मते संपूर्ण चर्चेतील हा सर्वांत उपयोगी प्रश्न होता. ती अंगाने किडकिडीत आहे, तिला थंडी लवकर धरते, आणि गारठलेली बोटे कॅराबिनरचे (दोर अडकवण्याच्या कडीचे) कुलूप फिरवू शकत नाहीत. पुढची प्रत्येक घळ आम्ही या प्रश्नावर तपासली.

यादीची छाननी

हीप्सविषयी विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सारी ओढ तिचीच होती. झायन उद्यानातील वेस्ट रिमवरून लांबची चाल, मग घळीचे लागोपाठ अरुंद भाग, त्यांतील थंड डोह आणि रांजणखळगे, आणि अखेरीस अप्पर एमराल्ड पूल या तळ्याच्या माथ्यावर बाहेर पडून साठ, एकशेसाठ व दोनशे ऐंशी फुटांचे तीन रॅपल, असा हा मोठा पल्ला आहे. दोनशे ऐंशी फुटांचा शेवटचा टप्पा पूर्णपणे हवेत लोंबकळत होतो, आणि खाली तळ्याकाठी बसलेले पर्यटक माना वर करून पाहत असतात. हीप्सची ख्याती या शेवटच्या टप्प्यामुळे आहे, आणि अण्णांनाही तोच खुणावत होता.

परंतु अण्णांच्या अनुभवाची फोड केल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. हीप्समध्ये जे प्रसिद्ध आहे, ते अण्णांना आधीच येते. लांब दोरावर खाली लोंबणाऱ्या दोराच्या वजनामुळे सुरुवातीला डिसेंडर अडतो आणि तळाकडे येताना घर्षण कमी पडू लागते. उतरता उतरता घर्षण वाढवण्याची ही कसरत त्यांनी कोकणकड्यावर केली आहे. हीप्समध्ये जे फोटोंत दिसत नाही, म्हणजे कित्येक तास थंड पाण्यात राहून एकामागून एक खळग्यांतून माणसे आणि सामान बाहेर काढणे, ते त्यांना येत नव्हते. भाचीला यांतील दोन्ही नवे होते. शिवाय तिघांची तुकडी अशा कामाला अपुरी पडते. एकजण गारठला की उरलेल्या दोघांपैकी एकाने त्याला सांभाळायचे आणि एकट्यानेच पुढचा खळगा सोडवायचा, अशी वेळ येते. हीप्स यंदा बाद झाली. अण्णांनी ते मान्य करायला दोन बैठका घेतल्या, आणि ते स्वाभाविक होते.

इम्ले त्याच कारणाने बाद झाली. ती तर रांजणखळग्यांचीच घळ आहे. सँडथ्रॅक्सवर फार वेळ घालवला नाही. तिथे दोन भिंतींत हातपाय रोवून, तळापासून खूप उंचावरून, दोराच्या आधाराशिवाय पुढे सरकावे लागते आणि मधला रुंद भेगेचा चढ कसलेल्या प्रस्तरारोहकाचा आहे. श्रेणीपुढची ‘एक्स’ ही खूण तिथे शब्दशः खरी आहे. इंगलस्टेडचा पहिलाच रॅपल सुमारे तीनशे फुटांचा आहे. हीप्सची रंगीत तालीम म्हणून ती मामेभावाने सुचवली होती. पण जी गोष्ट अण्णांना येते तिची तालीम कशाला, आणि भाचीला थेट तीनशे फुटांवर का न्यायचे, या दोन प्रश्नांपुढे ती टिकली नाही.

उरल्या लेप्रेकॉन, ब्लूजॉन, निऑन, बेहुनिन आणि मिस्ट्री.

लेप्रेकॉन ही नॉर्थ वॉशमधील, हँक्सव्हिलच्या दक्षिणेस ९५ क्रमांकाच्या महामार्गालगतची घळ. ती बहुधा कोरडी असते, दोरकाम थोडे असते, आणि तिची सारी अडचण अरुंदपणाची आहे. काही ठिकाणी पाठपिशवी काढून, मान एका बाजूला वळवून, छातीने भिंत घासत सरकावे लागते. इथे आडवा आला तो मामेभावाचा बांधा. छाती रुंद असलेल्या माणसाला तळातून जाता येत नाही, त्याला पाठ आणि पाय रोवत वरच्या रुंद भागातून जावे लागते, म्हणजे त्याच्यासाठी तीच घळ अधिक अवघड होते. तरीही ती घेतली, कारण अनोळखी गोष्ट ती एकच होती आणि अंग कोरडे राहणार होते.

ब्लूजॉन रॉबर्स रूस्टच्या ओसाड पठारावर आहे. २६ एप्रिल २००३ रोजी ॲरन राल्स्टन हा गिर्यारोहक तिथे एकटा उतरत असताना अडकलेला धोंडा सरकला आणि त्याचा उजवा हात भिंतीशी चिरडून अडकला. १ मे रोजी स्वतःचा हात कापून त्याने सुटका करून घेतली. तो कुठे गेला आहे हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. आम्हाला ब्लूजॉन हवी होती ती या कथेसाठी नव्हे, तर तिथे बोल्टवाचून अँकर करावे लागतात म्हणून, आणि पाणी मध्यम असते म्हणून. त्या भागात मोबाईलला रेंज नसते, तेव्हा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र हवे होते. भारतात अशी यंत्रे परवानगीवाचून बाळगणे बेकायदा आहे, म्हणून ते तिथेच भाड्याने घ्यायचे आणि तिथेच परत करायचे असे ठरले. खोल घळीच्या तळातून त्याला पुरेसे आकाश दिसत नाही, त्यामुळे कुठे आणि किती वाजेपर्यंत परतणार याची लेखी नोंद मामेभावाच्या पत्नीकडे ठेवायची, ही अट मी घातली.

निऑन हा या योजनेचा कणा होता. एस्कलांटेच्या आग्नेयेस, १८७९-८० मध्ये मॉर्मन वसाहतकऱ्यांनी काढलेल्या होल-इन-द-रॉक मार्गावरून इजिप्त नावाच्या वाटेच्या तोंडाशी जायचे, उघड्या कातळावरून खाली उतरून एस्कलांटे नदी ओलांडायची, पलीकडच्या पठारावर चढून मग घळीत शिरायचे. आत थंड डोह आहेत, एक कीपर आहे, आणि शेवटी गोल्डन कॅथेड्रल नावाच्या प्रचंड घुमटाच्या छताला पडलेल्या भोकातून रॅपल करत खालच्या तळ्यात उतरायचे असते. कीपर एकच आहे, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. बेहुनिनमध्ये पाणी कमी आणि लांब रॅपल अधिक, शेवटचा दीडशे फुटांच्या पुढचा, म्हणून ती भाचीसाठी निवडली. मिस्ट्री हवामानावर आणि नदीवर सोडली.

मोहोळ तालुक्यातील विहीर

थंडीचा सराव सोलापुरात करता येत नाही. खळग्याचा येतो. गटातील एका सदस्याच्या मोहोळ तालुक्यातील शेतात काँक्रीटने आतून बांधलेली मोठी विहीर आहे. पाण्यापासून आठ-नऊ फूट उंचीवर मोटार बसवण्याचा कट्टा आहे आणि त्याखालची भिंत इतकी गुळगुळीत आहे की नख लागत नाही. कट्टा म्हणजे खळग्याची समोरची कड, असे धरून पावसाळ्यानंतर तिथे सराव झाला. प्रत्येकाला वरच्या कडुलिंबाला बांधलेला सुरक्षेचा दोर होता.

कीपरमधून निघण्यासाठी ‘पॉटशॉट’ वापरतात. दणकट पिशवीत वाळू भरून, तिला दोर बांधून ती समोरच्या कडेपलीकडे भिरकावायची आणि तिच्या वजनाच्या व घर्षणाच्या आधारे दोर धरून चढायचे. अण्णांच्या कारखान्यातील शिलाई विभागात जाड कॅनव्हासच्या अशा पिशव्या शिवल्या गेल्या. पहिल्या दिवशी त्या पिशव्या कट्ट्यावर पडत आणि वजन येताच घसरून परत पाण्यात येत. दोन पिशव्या एकाच दोराला हातभर अंतराने बांधल्या, तेव्हा त्या धरू लागल्या. त्यातून अधिक मोलाची गोष्ट कळली ती अशी, की पोहता पोहता पिशवी फेकता येत नाही. पायाखाली आधार नसला की फेक निम्म्या उंचीलाही जात नाही. म्हणून पाण्यात शिरण्याआधी, अलीकडच्या कोरड्या कडेवर उभे राहूनच पिशवी टाकायची, एकाने दोरावर खाली जाऊन ती तपासायची, आणि तो पलीकडे चढेपर्यंत मागचा दोर ओढायचा नाही. हा नियम वाचून सगळ्यांना ठाऊक होता. विहिरीत तिसऱ्यांदा पिशवी डोक्यावर आदळल्यावर भाचीने तो जसा समजावून सांगितला, तसा मी कुठे वाचला नाही.

याच शेतात बांधावरच्या दगडांचा ढीग रचून अँकरचाही सराव झाला. बेसॉल्टचे दगड वालुकाश्मापेक्षा जड असतात, त्यामुळे तिथे ढीग मोठा करावा लागेल अशी नोंद करून ठेवली.

प्रत्यक्षात काय झाले

सॉल्ट लेक सिटीहून हँक्सव्हिल, तिथून एस्कलांटे आणि शेवटी झायन, हा रस्त्याचा क्रम आमच्या अडचणींच्या क्रमाशी जुळला. लेप्रेकॉनमध्ये मामेभावाला अपेक्षेप्रमाणे वरच्या अंगाने जावे लागले आणि तो तिघांत सर्वाधिक दमला. ब्लूजॉनमध्ये एका जागी आधीच्या कोणी बांधलेली पट्टी होती. उन्हाने तिचा रंग उडालेला होता आणि वळवल्यावर ती करकरत होती. तिघांनी ती काढून आपली नवी बांधली आणि जुनी पिशवीत भरून परत आणली. सप्टेंबरअखेरच्या पावसाचे पाणी डोहांत शिल्लक होते. भाचीने भाड्याने घेतलेला पाच मिलिमीटरचा वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) घातला होता, तरी दुसऱ्या डोहानंतर तिचे बोलणे कमी झाले. अण्णांनी ते हेरले, तिला उन्हाच्या एका पट्ट्यात उभे केले, गूळ-शेंगदाण्याची चिक्की खायला लावली, आणि ती पुन्हा बोलू लागल्यावरच पुढे निघाले. माझ्या मते संपूर्ण दौऱ्यातील सर्वांत चांगला निर्णय हा होता.

निऑनमध्ये कीपर जवळजवळ काठोकाठ भरलेला निघाला. भाची पोहत गेली, मामेभावाने पायाखाली हात दिला आणि ती कडेवर चढली. पिशव्या बाहेर काढाव्याच लागल्या नाहीत. गोल्डन कॅथेड्रलचा रॅपल अतिशय सुंदर झाला, फोटोही आले, आणि परतीच्या उघड्या कातळावरील चढणीवर तिघेही अंधारात दिव्याच्या उजेडात गाडीपर्यंत पोहोचले. पण ज्यासाठी निऑन निवडली होती ते कौशल्य तिथे तपासलेच गेले नाही. म्हणून निऑन झाली यावरून खळग्यांची तयारी झाली, असे मी मानत नाही. ही नोंद गटाच्या वहीत ठळक लिहिली आहे, कारण वर्षभराने यादीत केवळ ‘निऑन, पूर्ण’ एवढेच दिसेल आणि त्यावर पुढची निवड उभी राहील.

बेहुनिन निर्विघ्न पार पडली. मिस्ट्रीच्या आदल्या दिवशी झायनसाठी राष्ट्रीय हवामान सेवेकडून दिली जाणारी आकस्मिक पुराची पातळी ‘संभाव्य’ या वर्गात गेली. चार वर्गांपैकी तो वरून दुसरा. “अण्णा, परवान्याचे पैसे परत मिळणार नाहीत, आणि सकाळी तर आकाश निरभ्र आहे म्हणतात,” असे मामेभाऊ म्हणाला. अण्णांनी “राहू दे,” म्हटले आणि तो दिवस दोर धुण्यात व वाळवण्यात गेला. दुपारी तिथे पाऊस झाला की नाही, हे या निर्णयाच्या मूल्यमापनात मी धरलेले नाही. सकाळी हाती असलेल्या माहितीवर तो बरोबर होता.

पुढील निवड

अण्णांची पुढची घळ अजूनही हीप्स नाही. मधे अशी एखादी घळ हवी जिथे खळग्यांतील पाणी खाली गेलेले असेल, आणि त्यानंतर इम्लेचा खालचा भाग, जो तिथले लोक मधल्या आडवाटेने शिरून करतात. वेळ जूनचा पहिला पंधरवडा धरावा. दिवस सर्वांत मोठा असतो, हवा उष्ण असल्याने गारठलेला माणूस बाहेर येताच सावरतो, आणि मोसमी पावसाला अवकाश असतो. वसंतातील वितळलेल्या बर्फाचे पाणी व्हर्जिन नदीतून ओसरले आहे की नाही, एवढे तेव्हा पाहावे लागेल. भाचीसाठी वेटसूटऐवजी आत पाणी न येऊ देणारा ड्रायसूट घ्यावा आणि त्याचा खर्च गटाने उचलावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. तुकडी किमान चौघांची असावी, ही अट अण्णांनी आता स्वतःहून घातली आहे.

मे महिन्यात मोहोळच्या विहिरीचे पाणी बरेच खाली जाते आणि मोटारीचा कट्टा खूपच वर राहतो, तेव्हा मधल्या टप्प्यावर लाकडी फळी बसवून अर्धवट भरलेल्या खळग्याचा सराव करायचा आहे. चौथा माणूस त्या सरावाला हजर असला पाहिजे, म्हणून त्याचे नाव एप्रिलच्या बैठकीत ठरेल.